कंबर हाय का खुंटी?

आन वरनं म्हंत्यात काय, तर डॉक्टरनं टाका नीट घातला न्हाई! ऐका आता! टाका नीट घातला न्हाई म्हणं! आवो, त्या डॉक्टरीणबाईनं येवढा बारीक, येवढा सुबक टाका घातलावता की ह्यांच्या घराण्यात कुणी गोधडीला बी तसा घातला नसंल, आन त्या टाक्यावर तुमी नाडी आवळलीसा, जखम पिकली, फुटली, आन आता देवळाच्या कट्ट्यावर बसून दोष कुणाला? डॉक्टरला! तुमाला सांगती, ह्यांचं बोलणं ऐकलं की माझं डोकं हितनं तितपर्यंत ठणकाय लागतंय.

थांबा, तुमाला कुणाचं काय म्हाईत न्हाई आन मी आपली मधनंच सुरू झाली. केसरक्का हो, केसरबाई! मंद्रूपात आमच्या भिंतीला भिंत. आबासाहेबांची बायकू, तेच ते टाक्याला नावं ठिवणारे. साठीला टेकलेली बाई, पर आवाज चढवलेला कुणी ऐकला न्हाई. पोरगा सोमेश, चिंचोळी एमआयडीसीत कामाला, त्याची बायकू ऋतुजा, आन त्यांची पोरगी पिंकी. येवढंच घर. खाऊनपिऊन सुखी. आन त्या सुखी घरात ह्या बाईच्या कंबरंची काय दशा झाली ते ऐका.

लगीन झालं तवापासनं त्या कंबरंला परकराची नाडी. जागा ठरलेली. बोटभर वर न्हाई, बोटभर खाली न्हाई. घट्ट! कारण सैल बांधली तर साडी सुटती, साडी सुटली तर अब्रू जाती, म्हंजी समद्या घराची अब्रू त्या एका गाठीवर! आन नुसती नाडी आसती तर एक. नाडीला कपाटाच्या किल्ल्यांचा जुडगा. त्याच्या शेजारी पानाची चंची. पदराचा खोचा तितंच. कडंवर लेकरू, आदी सवताचं, मंग नणंदंचं, मंग नात. पाण्याची घागर त्याच कडंवर. शेतात गेली की खुरपं बी तितंच खोचलेलं. आवो, बाईची कंबर हाय का खुंटी? ज्यानं यावं त्यानं टांगावं!

तितं आदी काळा पट्टा पडला. तो तर काय, आमच्यातल्या समद्याच बायांना आसतोय, त्याला कोण बगतंय? मंग कोंडा सुटाय लागला. मंग खाज. मंग एक चिर पडली आन ती चिर काय मिटंना. दिवाळी गेली, संक्रांत गेली, वर्स उलटलं, चिर हाय तितंच, उलट कडा फुगून वर आल्या, रगत याय लागलं. तर बाई काय करायची? चिंधीची घडी करून वर ठिवायची आन वरनं परत नाडी! नवऱ्याला सांगितलं तर नवरा पेपरामागनं म्हणतोय, "घामानं हुतंय. पावडर लाव." लेकाला कसं सांगायचं? बाप्या माणसाला कंबर दावायची का? झालं, बसली गप.

एक दिवस तारंवर तिचा परकर वाळत हुता, त्याच्यावर डाग. मी इचारलं, आक्का, हे काय? तर म्हणती, डाळिंबाचा हाय. डाळिंबाचा! आवो, ह्या भागात जल्म गेला माझा, डाळिंबाचा डाग मला कळत न्हाई व्हय? धरलं हाताला, नेलं आत, म्हणलं, सोड नाडी. सोडंना. म्हणती, "नागव्वा, ऱ्हाऊ दे गं, वास येतोय." अय्यो यव्वा... वास येतोय म्हणून लाजती! दुखतंय म्हणून रडावं का न्हाई? मी तशीच उठली आन ऋतुजाला सांगितलं. ती पोरगी शिकलेली, तिनं कुणाला इचारलं न्हाई न काय न्हाई, दुसऱ्या दिवशी सासूला एसटीत घातलं आन सोलापूर गाठलं.

तितं ही डॉक्टरीणबाई. बुद्धप्रिया नाव. वयानं आपल्या पोरीयेवढी, पर बोलणं कसं, थेट. तुकडा काढून तपासाय धाडला, आन कळलं. कातडीचा क्यान्सर.

"मावशी," ती म्हणली, "एकाच जागी वर्षानुवर्षं घट्ट नाडी घासत राहिली, जखम भरलीच नाही, की असं कधी कधी होतं. लवकर आलात असं मी म्हणणार नाही. पण आलात, हे बरं केलंत. सगळं काढून टाकू."

आता आबासाहेब. आवो, त्या माणसानं बायकूच्या तोंडाकडं बघावं का न्हाई? सरळ डॉक्टरीणबाईलाच जाब इचारला, "नाडीनं क्यान्सर? आवो बाई, तंबाखू मी खातो, बिडी मी वडतो, आन क्यान्सर हिला? हे कसं काय?" म्हंजी तुमाला सांगती, आसं बोलले की जसं काय ह्यांच्या हक्काचं काय तरी तिनं उचलून नेलं!

आपरेशन झालं. तळहाताएवढा तुकडा काढला. कडंचं चांगलं कातडं बी घेतलं, मागं काय ऱ्हायला नगो म्हणून. दोनी बाजू वडून आणून टाके घातले. केसरक्कापाशी दवाखान्यात मीच ऱ्हायली हुती. ऋतुजाला पोरीची शाळा, आन बाप्ये दवाखान्यात कुटं आसत्यात? खाली, च्याच्या गाड्यावर!

घरी सोडायच्या टायमाला डॉक्टरीणबाईनं आमाला समद्यांना वळीनं उभं केलं. म्हणली, "क्यान्सर मी काढलाय. आता पुढचं काम तुमचं. ह्या जखमेत जंतू जाऊ द्यायचे नाहीत. जागा अवघड आहे. घाम येतो, घासतं, वाकलं की ताण पडतो. पट्टी कोरडी ठेवायची. ओली झाली की नवीन, आणि हात साबणानं धुतल्याशिवाय हात लावायचा नाही. हळद, राख, तेल, काही म्हणजे काही लावायचं नाही. लाल झालं, सुजलं, ताप आला, वास आला, तर घरी बसायचं नाही, इकडं यायचं. आणि सगळ्यात महत्त्वाचं. जखम पूर्ण भरेपर्यंत कंबरेला काहीही बांधायचं नाही. परकर नाही, साडी नाही. सैल सुती गाऊन घालायचा, रोज धुतलेला."

"गाऊन?" आबासाहेब म्हणले.

आवो, क्यान्सर म्हणलं तवा त्या माणसाचं तोंड येवढं पडलं न्हवतं! "गाऊन? मंद्रूपात? माझ्या दारात चार माणसं येत्यात बाई. सोसायटीचा चेरमन हुतो मी. बायकू गाऊनवर हिंडाय लागली तर... न्हाई न्हाई, त्याच्या बदली काय तरी बगा. गोळी लिवा की. जालीम लिवा. लागली तर दोन जास्ती लिवा!"

"काका, गोळ्या दिल्यात तेवढ्या पुरे आहेत. पण गोळीनं नाडी सैल होत नाही."

आसं म्हणली. मला तर तिचा मुकाच घ्यावा वाटला. पर आबासाहेबांच्या डोक्यात काय शिरलं म्हणताय? गोळ्या दिल्यात. बास! तेवढंच शिरलं! गावभर सांगत सुटले, "लई भारी गोळी चालू हाय, आता काय भ्या न्हाई." गोळी काय दारातला कुत्रा हाय का, की जंतू आला की भुकंल?

बरं, आली घरी. ऋतुजानं निळा, बारीक फुलांचा गाऊन आणलावता. केसरक्कानं घातला आन भिताडाला चिकटून उभी ऱ्हायली. हात सारखा डोक्याकडं जायचा, पदर वडायला, आन रिकामाच माघारी यायचा. मंग टावेल घेतला डोक्यावर. तिला म्हणलं, आक्का, छान दिसतीस की! तर लाजून चूर. "गप गं, मामंजींचा फोटो हाय भिताडावर." मेलेल्या सासऱ्याचा फोटो! त्याच्यापुढं बी पदर पायजे!

आन बोलणी कुणाला बसली? सुनंला. आबासाहेब सोमेशला म्हणत्यात, ती ऐकंल येवढ्या मोठ्यानं, "तिला सवताला घालायचा आसंल गाऊन. म्हणून सासूला पुढं केलीया." आन आमचा सोमेश? कंपनीतली पाळी करून आलावता, ताटावर बसलावता, म्हणला काय, "बगू." म्हंजी बाप बोलला तरी बगू, बायकू बोलली तरी बगू. त्या पोराला क्यान्सर झाला तर तो त्याला बी बगू म्हणंल!

पर ऋतुजा खमकी. दारात बादली, तांब्या, साबण मांडला. कारण बगाय येणाऱ्यांची रांग लागली की हो! आन बगाय येत्यात म्हंजी नुसत्या बसत न्हाईत. "बगू, बगू, कुटं कापलंय? हितं का? दुखतंय का? आन आता?" आसं म्हणत बोट घालत्यात! कुणी शेण काढून आलंय, कुणी मिशरी लावून आलंय, तेच बोट! ऋतुजा म्हणायची, "हात धुवा आन लांबनं बोला." आयाबाया फुगल्या. "आमी काय घाणेरड्या हाव का? जरा शिकली तर सोवळं आलं हिला." धुतला कुणी तर तीन बोटं बुडवून झटकायच्या, नैवेद्य दाखवल्यागत. तर ही पोरगी परत धुवाय लावायची. कंबर हाय का खुंटी, ज्यानं यावं त्यानं हात लावावा? न्हाई लावू दिला तिनं कुणाला.

आन खरं सांगती, जखम झकास चालली हुती. कोरडी. लाली न्हाई, सूज न्हाई. डॉक्टरीणबाईनं पट्टी बदलताना बगितलं आन ऋतुजाच्या पाठीवर हात ठिवला. म्हणली, "अशीच काळजी घ्या. आता टाके काढायलाच या."

आन मंग... मंग मोडनिंबहून दगडाबाई आली.

दगडाबाई म्हंजी आबासाहेबांची थोरली भण. केसरक्काची नणंद. नाव कुणी ठिवलं त्याला मानलं पायजे. जीपगाडी भरून आली. तिच्या सुना, तिच्या जावा, नवी कोरी साडी, खण, नारळ, तांदूळ. जिवावरचं दुखणं टळलं, आता भावजयची वटी भराय पायजे! चांगलंच की. माया हाय, न्हाई म्हणत न्हाई मी. पर दारातनं आत आली, केसरक्काला बगितलं, आन तितंच कपाळावर हात मारला.

"आगं बया! हे काय घातलंय? माझ्या भावाच्या घरात?"

केसरक्का म्हणली, "वन्सं, डॉक्टरनं सांगितलंय."

"डॉक्टरला काय कळतंय? वटी कशात घालू तुझ्या? पदर कुटं हाय?"

आता आली का पंचाईत! गाऊनला पदर न्हाई. आन पदर न्हाई तर वटी न्हाई. ऋतुजानं सरळ तोडगा काढला. धुतलेलं उपरणं आणलं, सासूच्या मांडीवर पसरलं, म्हणली, "ह्याच्यात भरा." तर त्या बायांनी आसं बगितलं तिच्याकडं, जसं काय तिनं देवाला चपलंचा हार घातला! दगडाबाई म्हणली, "सवाष्णीची वटी फडक्यात? उद्या काय कमीजास्त झालं तर? आगं, पाच मिनिटं नेस. वटी भरली की सोड. पाच मिनिटानं काय हुतंय?"

ऋतुजा दारात आडवी. "आत्या, नगा. टाके बी निघाले न्हाईत अजून."

मी बी म्हणलं, दगडाबाई, डॉक्टरनं कडक सांगितलंय. तर मलाच म्हणती, "नागव्वा, तुमी शेजारी हायसा, शेजाऱ्यागत ऱ्हावा."

आबासाहेब सोप्यात. समदं ऐकाय येत हुतं त्यांना. एक शबुद बोलले आसते तर भण गप बसली आसती. एक शबुद! तर तिकडनं आवाज आला, "गोळी चालू हाय. नेसू दे."

आन केसरक्का? तिच्या तोंडाकडं मी बगत हुती. तिला नगं हुतं. देवाशप्पत सांगती, तिला नगं हुतं. हात पोटावर धरला हुता, ती पट्टी झाकून. पर त्या समद्या साडीतल्या बाया भवतीनं उभ्या, आन मधी ही येकटी गाऊनात. तिला वाटलं, आपुनच उगड्या हाव. जल्मभर जिनं न्हाई म्हणलं न्हाई, ती आता कुटनं म्हणणार? सुनंच्या गालावरनं हात फिरवला, म्हणली, "आसू दे पोरी. पाच मिनिटं."

दगडाबाईनं सवताच्या हातानं परकर घातला. "सैल बांधती बग," म्हणली, आन वडली! आवो, जल्मभर कडब्याच्या पेंड्या बांधलेला हात त्यो, त्याला सैल म्हंजी काय म्हाईत? केसरक्काच्या तोंडातनं बारीक आवाज आला, हुं आसा, आन परत गप. वरनं ती नवी कोरी साडी, खळीची, कडक, पाणी न लागलेली. निऱ्या खोचल्या. बरोब्बर तितंच! मंग वटी. एकीनं भरली. मंग दुसरी म्हणली, माझी बी. मंग तिसरी. तांदूळ, नारळ, खण, हळकुंड, समदं त्या पदरात, आन पदराचा खोचा कंबरंत. मी म्हणती, कंबर हाय का खुंटी? आगं, मरणाच्या दारातनं आलेल्या बाईच्या कापलेल्या कंबरंला बी तुमाला नारळच टांगायचा हाय का?

पाच मिनिटं म्हणली हुती न्हवं? आता ऐका पाच मिनिटं. वटी झाली, मंग फोटू. फोटू झाला, मंग जेवाण. नव्या साडीवरच वाढ म्हणली सवाष्णींना, शुभ आसतंय. वाकून वाकून वाढलं तिनं. जेवाण झालं, मंग देवाला जाऊन ये, नवी साडी देवाला दावून ये. आन आमच्याकडचं उन्हाळ्याचं ऊन! देऊळ वेशीपाशी. चालत गेली, चालत आली. घामानं निथळत. पट्टी चिंब.

आन पट्टीचं काय केलं म्हणताय? ऋतुजा मोरीत पंगतीची भांडी घासत हुती. तिला कुणी सांगितलंच न्हाई. मी बी घरी गेलीवती, मला मागनं कळलं. दगडाबाईनं पट्टी काढली, बगितली, म्हणली, "चांगली हाय की अजून. वाया का घालवायची?" आन गॅसवर तवा ठिवला, त्या तव्यावर ती पट्टी धरून, पापड भाजत्यात तशी दोनी बाजूनं शेकली, वाळवली, आन परत तितंच चिकटवली! आन काय तोऱ्यात म्हणली, "शेकल्यावर कुठला जंतू ऱ्हातोय? झाली का न्हाई कोरडी? डॉक्टरनं कोरडीच सांगितली हुती न्हवं?"

आता बोला! कुटं डोकं आपटायचं सांगा!

गेली दगडाबाई. इकडं केसरक्का अंथरुणाला लागली. आंग कढत. च्या नगो, भाकरी नगो. इचारलं तर, "काय न्हाई, दमलीया." सुनंपासनं लपवती हो, पट्टीला हात बी लावू देईना! का? तर सुनंनं नगा म्हणलं हुतं, आपुन ऐकलं न्हाई, आता कुठल्या तोंडानं सांगायचं! आबासाहेब म्हणत्यात, "गोळी चालूच हाय की." शेवटाला ऋतुजाला वास आला. वास! तिनं गाऊन वर केला, आन बगती तर काय! लालभडक, टम्म फुगलेलं, आन टाक्यातनं पू येतोय.

तवाच्या तवा सोलापूर. डॉक्टरीणबाईनं बगितलं, आन तिचा चेहराच बदलला. नाडीचा वळ हुता की हो, टाक्याच्या वरनं, आडवा, जांभळा! अर्धे टाके तिनं तितंच उसवले, पू काढला, धुतलं. मी केसरक्काचा हात धरून उभी हुती. माझी बोटं चेमटली तिनं, पर वराडली न्हाई. तितं बी न्हाई!

"कुणी बांधली नाडी?" डॉक्टरीणबाई म्हणली. शांतच म्हणली, पर आसं की समद्यांनी खाली बगितलं. आबासाहेब पंख्याकडं बगाय लागले. सोमेश मोबाईलमधी. आन केसरक्का म्हणती, "मीच बांधली, बाई. माझीच चूक."

तवा मला रडू आलं. तुमाला सांगती, तवा आलं. दुखणं तिचं, कंबर तिची, आन चूक बी तिचीच.

डॉक्टरीणबाई म्हणली, "आता हे पुन्हा शिवता येणार नाही. उघडंच ठेवायचं, रोज धुवायचं, आतून वर भरत यायला लागेल. फार वेळ जाईल. आणि अजून दोन दिवस घरी काढले असते, विष अंगात पसरलं असतं, तर क्यान्सरनं नाही, नाडीनं गेल्या असत्या मावशी."

आबासाहेब भाईर आले, आन पयला फोन कुणाला? भणीला. "आगं, काय सांगू, डॉक्टरनं टाकाच नीट घातला न्हाई."

ऋतुजा मागंच उभी हुती. आन तुमाला सांगती, त्या दिवशी त्या पोरीनं समदी लाज गुंडाळून ठिवली. दवाखान्याच्या त्या बोळात, समद्या पेशंटांच्या पुढं, सासऱ्याला म्हणली, "मामा, टाका नीट हुता. तुमी 'नेसू दे' म्हणलात. फोन चालू हाय तवर आत्याबाईंना ते बी सांगा." आबासाहेबांनी फोन बंद केला. सोमेशकडं बगितलं, म्हणले, "बग तुझी बायकू काय बोलती." आन सोमेशनं... आवो, सोमेशनं मान वर केली, आन पयल्यांदा बगू न म्हणता बोलला, "खरं बोलती." मला वाटलं, ह्याला बी डॉक्टरीणबाईनं काय तरी सुई दिली आसंल!

मंग आबासाहेब जरा नरमले. जरा हं. म्हणले, "घालू दे गाऊन. पर मधल्या खोलीत. दार लावून. कुणी आलं तर आजारी हाय म्हणून सांगायचं, भेटत न्हाई."

म्हंजी गाऊनला परवानगी मिळाली, आन बाई कोंडली!

पर गंमत ऐका. दार लावलं आन जखमंचं भाग्य उगडलं. बगाय येणाऱ्या बंद. बोटं बंद. वटी बंद. ऋतुजा हात धुवून आत जायची, जखम धुवायची, नवी पट्टी लावायची, भाईर यायची. पिंकी दारातनं गोष्टी वाचून दावायची. जखम हळूहळू आतनं भरत आली, गुलाबी, कोरडी. मी एक दिवस दुपारची गेली तर काय, केसरक्का पाय पसरून, भिताडाला टेकून, निवांत भुईमुगाच्या शेंगा खात बसलीया! कंबरंला नाडी न्हाई, किल्ल्या न्हाईत, चंची न्हाई, कुणाचं लेकरू न्हाई. मला म्हणती, "नागव्वा, श्वास पोटापातूर जातोय गं. लगीन झाल्यापासनं पयल्यांदा. मला म्हाईतच न्हवतं, तो येवढा खाली जातोय ते." आन हसली. मी बी हसली.

शेवटच्या तपासणीला मीच गेली तिच्यासंगं. आबासाहेब खाली, च्याच्या गाड्यावर. डॉक्टरीणबाईनं पट्टी काढली, बोटानं कडंकडंनं दाबून बगितलं, म्हणली, "मावशी, छान भरली जखम. क्यान्सर पण परत दिसत नाही. अधूनमधून दाखवत राहायचं, बाकी तुम्ही बऱ्या झालात!"

आन केसरक्काचं तोंड उतरलं. दार लोटलंय का बगितलं, आन हळूच म्हणती, "बाई, येक इचारू? घरात अजून बरी झाली न्हाई म्हणून सांगितलं तर चालंल का?"

डॉक्टरीणबाई आदी हसली. मंग केसरक्काकडं बगितलं, आन तिचं हसू थांबलं. आबासाहेबांना वर बोलवून घेतलं. "काका, जखम भरली. पण कातडी नवीन आहे, नाजूक आहे. तिथं पुन्हा घट्ट नाडी नको. आता नाही, पुढंही नाही. कधीच नाही."

"कधीच न्हाई?" आबासाहेब खुर्चीत बसले. लई वेळ टोपी हातात फिरवली. "मंग लोकांना काय सांगायचं?" म्हणले. सवताशीच बोलले. आन मंग त्यांचं त्यांनाच सुचलं, तोंड उजाडलं, म्हणले, "आजारीच हाय म्हणून सांगू!"

तर आता आसं हाय. केसरक्का ठणठणीत. पाटं उठती, झाडलोट करती, भाकरी थापती, मागच्या दारी शेळीला पाला घालती, समदं गाऊनात. पुढच्या दाराची कडी वाजली की पळत मधल्या खोलीत जाती आन पांघरूण घेती. गाव इचारतंय, "आबासाहेब, मालकीण कशी हाय?" आबासाहेब म्हंत्यात, "न्हाई अजून. डॉक्टरनं टाकाच नीट घातला न्हाई न्हवं." आन गाव मान हलवतंय. काय बोलणार तुमी? बाईला सैल कापड पायजे आसंल तर आमच्यात तिला आजारीच ऱ्हावं लागतंय, नीट उभी ऱ्हायली की कुणी तरी नाडी घिऊन येतंयच.

मी तरी काय मोठी शहाणी लागून गेली? काळा पट्टा मला बी हाय. परवा आंघूळ करताना हात लागला, तर कोंडा सुटल्यागत, आन खाज. भ्या वाटलं हो. केसरक्काचं समदं डोळ्यानं बगितलंय मी! रात्री धीर केला, मालकांना म्हणलं, आवो, हितं कंबरंला जरा काळं पडलंय, खाजतंय, सोलापूरला दावून यावं म्हणती. त्यांनी टीव्हीवरनं नजर काढली न्हाई. म्हणले, "नाडी सैल बांधत आसशील. सैल आसली की घासती. जरा घट्ट बांध."